सिनेटर इनोये आणि अमेरिकेतील मूलनिवासी : मतदानाच्या नोंदी काय सांगतात?

अमेरिकेच्या सिनेटमध्ये हवाई राज्याचे प्रतिनिधित्व सलग पन्नास वर्षे करणारे डॅनियल इनोये (१९२४-२०१२) हे स्वतः मूलनिवासी नव्हते. होनोलुलूत जन्मलेल्या या जपानी वंशाच्या अमेरिकनाने दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर उजवा हात गमावला. हवाईला १९५९ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा ते प्रतिनिधिगृहात निवडून गेले आणि १९६३ पासून १७ डिसेंबर २०१२ रोजी मृत्यू येईपर्यंत सिनेटमध्ये होते. तरीही मूलनिवासींच्या प्रश्नांवरील कायद्यांचा विसाव्या शतकाच्या अखेरचा इतिहास त्यांचे नाव वगळून लिहिता येत नाही. १९८७ ते १९९५ आणि पुन्हा २००१ ते २००३ या काळात (मधला थोडा अवधी सोडता) ते सिनेटच्या इंडियन व्यवहार समितीचे अध्यक्ष होते.

एखाद्या लोकप्रतिनिधीची भूमिका तपासायची, तर त्याची मते मोजावीत, असा अमेरिकेतील रिवाज आहे. तेथे नावनिशीवार मतदानाची नोंद ठेवली जाते आणि निरनिराळ्या संघटना तिच्या आधारे सदस्यांना गुण देतात. भारतीय वाचकाला याचे थोडे अप्रूप वाटेल. आपल्या संसदेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडून मत देणे म्हणजे सदस्यत्व पणाला लावणे होय. त्यामुळे आदिवासींच्या प्रश्नावर अमुक खासदाराचे व्यक्तिगत मत काय होते, हे नोंदींवरून सांगणे जवळजवळ अशक्य असते. मात्र इनोये यांच्या बाबतीत नोंदी उपलब्ध असूनही हिशेब वाटतो तितका सरळ लागत नाही.

पहिली अडचण अशी, की त्यांचे सर्वांत टिकाऊ काम नोंदवलेल्या मतदानात दिसतच नाही. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुढे आणलेली बहुतेक विधेयके सिनेटमध्ये एकमताने किंवा आवाजी मतदानाने संमत झाली. १९८९ च्या कायद्याने स्मिथसोनियन संस्थेअंतर्गत अमेरिकन इंडियनांचे राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झाले. त्यामागची कहाणी अस्वस्थ करणारी आहे. स्मिथसोनियनच्या संग्रहात मूलनिवासींचे हजारो मानवी अवशेष ठेवलेले होते. अभ्यासासाठी म्हणून कवट्या आणि हाडे थडग्यांतून, रणभूमीवरून गोळा केली गेली होती. संग्रहालयाच्या कायद्यातच ते अवशेष संबंधित जमातींना परत करण्याची तरतूद घालण्यात आली. पुढच्याच वर्षी, १६ नोव्हेंबर १९९० रोजी, थडग्यांचे संरक्षण आणि अवशेषांची परतफेड यांविषयीचा कायदा झाला व तेच बंधन केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या इतर संग्रहालयांना व विद्यापीठांना लागू झाले. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवरील संग्रहालयाची वास्तू २१ सप्टेंबर २००४ रोजी खुली झाली. त्याच १९९० साली मूलनिवासींच्या भाषांचे जतन हे राष्ट्राचे धोरण असल्याचे सांगणारा कायदा संमत झाला. ज्या सरकारने निवासी शाळांतून त्या भाषा मुलांच्या तोंडून पुसून टाकण्याचा प्रयत्न केला, त्याच सरकारचा हा कायदा होता.

१९८८ चा जुगारविषयक कायदा मात्र इतका निर्विवाद नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅबझोन जमातीच्या बाजूने निर्णय देऊन राखीव भूमीवरील जुगारावर राज्यांचे नियंत्रण चालणार नाही, असे ठरवले होते. राज्ये अस्वस्थ झाली. इनोये यांच्या समितीने तोडगा काढला तो असा, की मोठ्या कॅसिनोसाठी जमातीने राज्याशी करार करावा आणि राज्य प्रामाणिकपणे वाटाघाटी करत नसेल, तर जमातीला न्यायालयात जाता यावे. अनेक जमातींना हा आपल्या सार्वभौमत्वाचा संकोच वाटला आणि तो आक्षेप अगदीच निराधार नव्हता. १९९६ मध्ये सेमिनोल जमातीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यावर दावा लावण्याची तीच तरतूद निष्प्रभ केली. तडजोडीतील जमातींच्या वाट्याचा भाग गळून पडला, राज्यांच्या वाट्याचा राहिला.

दुसरी अडचण विधेयकांच्या नावांची. कहोओलावे हे हवाईतील मूलनिवासींना पवित्र असलेले बेट. अमेरिकी नौदल कित्येक दशके तेथे बाँबफेकीचा सराव करत होते. १९९० मध्ये तो थांबला. बेट हवाईला परत देण्याची आणि ते साफ करण्यासाठी ४० कोटी डॉलरची तरतूद १९९३ मध्ये झाली, ती संरक्षण खात्याच्या खर्चाच्या विधेयकात. संरक्षण खर्चाच्या उपसमितीत इनोये यांचा असलेला दबदबा येथे कामी आला. त्याचप्रमाणे २४ डिसेंबर २००९ रोजी ६० विरुद्ध ३९ मतांनी सिनेटने संमत केलेल्या आरोग्यविमा विधेयकात इंडियन आरोग्यसेवेचा कायदा कायमस्वरूपी करण्याची तरतूद होती. इनोये यांचे मत बाजूने पडले. गुणपत्रिकेत हे मत 'आरोग्य' या सदरात जाते, 'मूलनिवासी' या सदरात नव्हे.

नोंदवलेल्या मतांत सर्वाधिक चर्चा झाली ती २७ ऑक्टोबर १९९३ च्या मतदानाची. १७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकलानी यांचे राज्य उलथवण्यात आले, त्यात अमेरिकेच्या अधिकाऱ्यांचा व नौसैनिकांचा हात होता, याबद्दल हवाईच्या मूलनिवासींची क्षमा मागणारा हा ठराव. तो मांडणाऱ्या डॅनियल अकाका यांना इनोये यांची साथ होती. वॉशिंग्टन राज्याचे स्लेड गॉर्टन यांनी कडाडून विरोध केला. वंशाच्या आधारे नागरिकांची विभागणी होईल आणि स्वातंत्र्याच्या मागणीला वाट मिळेल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. ठरावाचा फुटीरतेशी संबंध नाही, असे उत्तर इनोये यांनी दिले. ठराव ६५ विरुद्ध ३४ मतांनी संमत झाला. सभागृहाला दिलेल्या या ग्वाहीची किंमत पुढे मोजावी लागली, असे हवाईतील स्वातंत्र्यवादी मानतात. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की या क्षमायाचनेने जमिनीबाबत कोणतेही नवे हक्क निर्माण होत नाहीत.

मधल्या काळात, २००० साली, राइस विरुद्ध कायेतानो या खटल्याच्या निकालाने मूलनिवासी हवाईयनांसाठी असलेल्या संस्थेच्या विश्वस्तांची निवड केवळ त्यांच्याच मतांनी करणे घटनाबाह्य ठरले. त्यावर उपाय म्हणून मूलनिवासी हवाईयनांना जमातीप्रमाणे स्वशासनाची मान्यता देणारे विधेयक आले. ते अकाका यांच्या नावाने ओळखले जाते. ८ जून २००६ रोजी चर्चा आवरती घेण्याचा प्रस्ताव ५६ विरुद्ध ४१ मतांवर अडला. हवी होती ६० मते. प्रतिनिधिगृहाने २०१० मध्ये सुधारित विधेयक २४५ विरुद्ध १६४ मतांनी संमत केले, तरी सिनेटमध्ये ते शेवटपर्यंत तडीस गेले नाही. इनोये यांचे मत प्रत्येक वेळी बाजूनेच होते. परंतु हवाईच्या मूलनिवासींमध्येच एकमत नव्हते. आपले राज्य हे मान्यताप्राप्त स्वतंत्र राष्ट्र होते, त्याला अमेरिकेच्या अंतर्गत 'जमात' बनवणे ही भरपाई नव्हे, असे म्हणणारा गट या विधेयकाच्या विरोधात होता.

'मूलनिवासींच्या बाजूचे मत' म्हणजे कोणाच्या बाजूचे, हा प्रश्न अलास्कात अधिक तीव्र झाला. आर्क्टिक वन्यजीव अभयारण्याच्या किनारी पट्ट्यात तेलाचे उत्खनन करू द्यावे की नाही, यावर सिनेट अनेक वर्षे विभागलेली होती. अभयारण्याच्या परिसरातील काक्टोविक गावच्या इन्युपियाक लोकांच्या संस्थांची तेथे जमीन होती आणि तेलाच्या उत्पन्नातून शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा मिळेल म्हणून त्यांचे पुढारी उत्खननाला अनुकूल होते. दक्षिणेकडील ग्विचिन लोकांचे जीवन पॉर्क्युपाइन कॅरिबूंच्या कळपावर अवलंबून, आणि त्या कळपाची विण्याची जागा नेमकी त्याच पट्ट्यात. त्यांचा विरोध कडवा होता. इनोये यांनी १८ एप्रिल २००२ रोजी उत्खननाच्या बाजूने मत दिले. तो प्रस्ताव ४६ विरुद्ध ५४ मतांनी बारगळला. १६ मार्च २००५ रोजी अंदाजपत्रकातील उत्खननाची तरतूद ५१ विरुद्ध ४९ मतांनी टिकली, तेव्हा बाजूने मत देणाऱ्या तीन डेमोक्रॅट सदस्यांत इनोये, अकाका आणि लुइझियानाच्या मेरी लँड्र्यू होत्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मात्र हा प्रयत्न पुन्हा फसला.

पर्यावरण संघटनांच्या तक्त्यांत ही मते इनोये यांच्या विरोधात मांडली गेली. अलास्काचे रिपब्लिकन सिनेटर टेड स्टीव्हन्स यांच्याशी त्यांचे बंधुत्वाचे नाते सर्वश्रुत होते. हवाई आणि अलास्का ही दोन्ही दूरची, निधीसाठी वॉशिंग्टनवर अवलंबून असलेली राज्ये आणि दोघांच्या परस्परसाहाय्याला दीर्घ इतिहास होता. त्यामुळे ही मते इन्युपियाकांसाठी होती की मित्रासाठी, हे नोंदीवरून ठरवता येत नाही. अभयारण्यातील तेलहक्कांचे लिलाव करण्याची तरतूद अखेर २०१७ च्या करविषयक कायद्यात झाली.

त्यांच्या अखेरच्या वर्षातील एक मत येथे नोंदवण्याजोगे आहे. राखीव भूमीवर मूलनिवासी स्त्रीवर अत्याचार करणारा पुरुष बिगर-मूलनिवासी असेल, तर १९७८ च्या एका न्यायालयीन निर्णयामुळे जमातीच्या न्यायालयाला त्याच्यावर खटला चालवता येत नसे. घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यांत तो अधिकार परत देणारी तरतूद असलेले विधेयक २६ एप्रिल २०१२ रोजी सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३१ मतांनी संमत झाले. इनोये यांनी बाजूने मत दिले. प्रतिनिधिगृहाने ती तरतूद मान्य केली नाही आणि ते वर्ष तसेच सरले. कायदा झाला तो मार्च २०१३ मध्ये, इनोये यांच्या निधनानंतर तीन महिन्यांनी.