कृपा की प्रयत्न? ऑगस्टीन आणि पेलेजियस यांचा वाद

मागच्या वेळी आपण संत पौलाची पत्रं पाहिली. त्या पत्रांत 'कृपा' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. तो वाचायला सोपा आहे, पण त्याचा अर्थ लावताना ख्रिस्ती मंडळीत पाचव्या शतकात फार मोठा वाद झाला. आज तो वाद पाहायचा आहे.

सुरुवातीला एक घरातली गोष्ट सांगतो. माझे थोरले मामा दारू प्यायचे. माणूस लाखातला, पण संध्याकाळ झाली की पाय तिकडे वळायचे. दर आषाढीला ते आजीच्या पायावर हात ठेवून शपथ घ्यायचे आणि श्रावण लागायच्या आत ती मोडायचे. घरात यावर दोन मतं होती. धाकटे मामा म्हणायचे, "दादानं मनावर घेतलं तर काय अशक्य आहे?" आजी म्हणायची, "अरे, त्याचं मनच त्याच्या ताब्यात नाही, तो मनावर घेणार कसा? देव सोडवील तेव्हा सुटेल." मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा असेन. पुढे तत्त्वज्ञान शिकलो, शिकवलं, आणि एक दिवस लक्षात आलं की आमच्या माजघरात जो वाद चालायचा तोच वाद सोळाशे वर्षांपूर्वी कार्थेज आणि रोममध्ये झाला होता. धाकट्या मामांच्या बाजूला पेलेजियस होता, आजीच्या बाजूला ऑगस्टीन.

आता ही माणसं कोण ते पाहू.

ऑगस्टीनचा जन्म 354 सालचा, उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते या गावचा. आज ते गाव अल्जीरियात आहे. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती, मुलगा मात्र हुशार, महत्त्वाकांक्षी आणि अस्वस्थ. जवळजवळ नऊ वर्षं तो मानी पंथात होता. या पंथाचं म्हणणं असं की जगात प्रकाश आणि अंधार अशी दोन तत्त्वं झगडतात आणि पाप हे त्या अंधाराचं काम. ते मत त्यानं पुढे सोडलं. मिलानमध्ये बिशप अम्ब्रोजची प्रवचनं ऐकली, 386 साली एका बागेत त्याचं मन पालटलं, आणि 387 च्या ईस्टरला बाप्तिस्मा झाला. पुढे आफ्रिकेत परत येऊन तो हिप्पो या बंदराच्या शहरात बिशप झाला.

'कन्फेशन्स' हा त्याचा ग्रंथ तुमच्यापैकी काहींनी चाळला असेल. त्यात दोन जागा आपल्या कामाच्या आहेत. एक, पेअरची चोरी. सोळा वर्षांचा असताना त्यानं मित्रांबरोबर शेजारच्या झाडाची फळं चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती, चोरलेली तर डुकरांना टाकून दिली. मग चोरी का केली? चोरीची मजा म्हणून. एवढ्याशा गोष्टीवर तो पानंच्या पानं लिहितो, कारण त्याला त्यात भीतीदायक काहीतरी दिसतं. वाईट गोष्ट फायद्यासाठी केली तर समजू शकतं, पण ती वाईट आहे म्हणूनच आवडली, याचा अर्थ काय?

दुसरी जागा त्या बागेतली. त्याला पालटायचं होतं आणि तरी पालटता येत नव्हतं. तो विचारतो तो प्रश्न साधा आहे बरं का. मी हाताला उठ म्हटलं की हात उठतो. मग मनानं मनालाच हुकूम सोडला तर मन का ऐकत नाही? त्याचं उत्तर असं: इच्छा अर्धी असते. इच्छेतून चटक लागते, चटकेतून सवय होते, सवयीला वेळेवर आडवलं नाही की तिची गरज बनते. साखळी बाहेरून कुणी घातलेली नसते, ती आपल्याच इच्छेची घडवलेली असते; पण म्हणून ती तोडता येते असं नाही.

आता पेलेजियस. हा ब्रिटनहून रोमला आलेला. धर्मगुरू नव्हे, पण संन्यस्त वृत्तीचा, स्वच्छ चारित्र्याचा माणूस. त्याला खलनायक ठरवू नका. त्या काळात रोमचं साम्राज्य ख्रिस्ती झालेलं होतं, आणि बडी घराणी बाप्तिस्मा घेऊन जुन्याच पद्धतीनं जगत होती. बोललं तर उत्तर तयार: माणूस दुबळा आहे हो, काय करणार! पेलेजियसला या उत्तराची चीड होती. कन्फेशन्समध्ये ऑगस्टीन देवाला अशी विनंती करतो की तू जे सांगतोस ते करण्याचं बळही तूच दे, मग हवं ते सांग. एका बिशपनं ती प्रार्थना पेलेजियससमोर उच्चारली तेव्हा तो इतका संतापला की भांडणावर आला. ही हकीकत खुद्द ऑगस्टीननं लिहून ठेवली आहे. पेलेजियसचा मुद्दा काय? देवानं आज्ञा दिल्या आहेत. न जमणारी आज्ञा देणारा देव न्यायी कसा? आज्ञा दिली याचाच अर्थ ती पाळता येते.

इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला कांट आठवेल. 'करायला हवं' याच्या पोटात 'करता येतं' हे आलंच, असं कांट मानतो. मी वर्गात नीतिशास्त्र शिकवताना कित्येक वर्षं याच बाजूनं बोलत असे. तरुण मुलांना ते पटतंही.

पेलेजियस कृपा नाकारत होता असं सर्रास म्हटलं जातं, पण ते तसं नाही. तो तीन गोष्टी वेगळ्या करतो: करू शकणं, करावंसं वाटणं, आणि करणं. यातलं करू शकणं हे देवाचं देणं, उरलेली दोन आपली. त्याचंच उदाहरण घ्या: डोळ्यांना दिसतं ही देवाची देणगी, त्या डोळ्यांनी चांगलं पाहायचं की वाईट हे आपल्यावर. तेव्हा स्वतंत्र इच्छा ही कृपा, मोशेचं नियमशास्त्र ही कृपा, ख्रिस्ताची शिकवण आणि त्याचं उदाहरण ही कृपा, बाप्तिस्म्यातली पापक्षमा तर कृपाच. देवानं एवढं दिलं, आता चाल. आदामाचं पाप? ते आदामाचं. त्यानं आपल्यापुढे वाईट कित्ता ठेवला, आपण तो गिरवत गेलो, इतकंच.

410 साली अलारिकच्या गॉथ सैन्यानं रोम लुटलं आणि निर्वासितांचे लोंढे आफ्रिकेकडे निघाले. त्यांत पेलेजियस होता आणि त्याचा शिष्य सेलेस्टियसही होता. पेलेजियस पुढे पॅलेस्टाईनला गेला. सेलेस्टियस कार्थेजला राहिला, आणि 411 मध्ये तिथल्या सभेनं त्याला दोषी ठरवलं. याच सुमारास दिमित्रियास नावाच्या एका मुलीनं आजन्म कौमार्याचं व्रत घेतलं. रोममधल्या अतिश्रीमंत अनिकी घराण्यातली ही मुलगी, वय चौदाच्या आसपास. तिच्या आईच्या विनंतीवरून पेलेजियसनं तिला लांबलचक पत्र लिहिलं. त्याचा सूर असा की उपदेश करताना मी आधी माणसाच्या अंगी किती बळ आहे ते दाखवतो, कारण जे जमणार नाही असं वाटतं त्या वाटेला कुणी जात नाही. शिक्षक म्हणून मला हे आजही पटतं. ऑगस्टीनला मात्र त्यात धोका दिसला, आणि त्यानं आईला सावध करणारं पत्र पाठवलं. मुलीनं आपली आध्यात्मिक श्रीमंती स्वतःचीच कमाई मानली, तर तिचं व्रतच तिच्या गर्वाचं कारण होईल, ही त्याची काळजी. गंमत म्हणजे पेलेजियसचं हे पत्र पुढे शतकानुशतकं जेरोमच्या नावावर वाचलं गेलं. जेरोम हा त्याचा कट्टर विरोधक!

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगतो. 415 साली पॅलेस्टाईनमधल्या डिओस्पोलिसच्या सभेनं पेलेजियसला निर्दोष सोडलं. 416 मध्ये आफ्रिकेतल्या बिशपांनी विरोधी निर्णय दिला. पोप इनोसंट त्यांच्या बाजूनं, त्यानंतरचा पोप झोसिमस आधी नरम. 418 साली सम्राट होनोरियसनं पेलेजियसपंथीयांना रोममधून हद्दपार केलं, 1 मे रोजी कार्थेजला मोठी सभा भरली, आणि झोसिमसही फिरला. यात राजसत्तेचा हात होता हे विसरू नये. पेलेजियस त्यानंतर इतिहासातून दिसेनासा होतो.

कार्थेजच्या सभेनं काय ठरवलं ते मात्र नीट पाहू या, कारण मर्म तिथे आहे. एक: कृपा फक्त झालेली पापं माफ करत नाही, पुढची टाळायलाही मदत करते. दोन: कृपा केवळ काय करावं ते कळवत नाही, ते आवडायला लावते आणि करण्याचं बळ देते. तीन: कृपेशिवायही जमलंच असतं, कृपेनं सोपं होतं इतकंच, हे म्हणणं चूक. यातला दुसरा मुद्दा माझ्या मते सगळ्यांत खोल आहे. मामांना दारू वाईट हे आम्ही सांगायची गरज नव्हती, ते आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. माहितीची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती आवडीची. ऑगस्टीन म्हणतो, माणूस ज्याच्यावर प्रेम करतो तिकडे ओढला जातो, आणि हे प्रेम ऑर्डर देऊन उत्पन्न करता येत नाही. ते दिलं जातं, आपण ते घेतो.

तर मग ऑगस्टीन जिंकला, बरोबर? थांबा. त्याच्या विजयाची किंमतही पाहिली पाहिजे.

पहिली किंमत तान्ह्या बाळांनी दिली. ऑगस्टीनच्या मते आदामाचा दोषच सर्वांच्या वाट्याला येतो, म्हणून बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळही दंडाला पात्र, दंड सौम्य असला तरी. यासाठी त्यानं रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातल्या एका वाक्याचा आधार घेतला. लॅटिन भाषांतरात त्याचा अर्थ 'ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केलं' असा होतो, म्हणजे आदामामध्ये. मूळ ग्रीकचा सरळ अर्थ 'कारण सर्वांनी पाप केलं' असा आहे. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडच्या मंडळीनं मरण आणि दुबळेपणा वारशानं येतो असं मानलं, अपराध वारशानं येतो असं मानलं नाही. एका शब्दयोगी अव्ययावर केवढी इमारत उभी राहिली पाहा! एक्लानमचा बिशप ज्युलियन ऑगस्टीनच्या अखेरपर्यंत त्याच्याशी यावर भांडत होता: असा देव न्यायी कसा? हा प्रश्न मला आजही सुटलेला वाटत नाही.

दुसरी किंमत एका मठात उघड झाली. आजच्या ट्यूनिशियाच्या किनाऱ्यावर हाद्रुमेटम इथे संन्याशांच्या हाती ऑगस्टीनचं एक पत्र पडलं आणि मठात दोन तट पडले. साधारण 426-427 ची ही गोष्ट. काही तरुण संन्यासी म्हणू लागले, सगळं कृपेनंच होत असेल तर आम्ही चुकल्यावर मठाधिपतीनं आम्हाला का रागवावं? आमच्यासाठी प्रार्थना करावी आणि गप्प बसावं! वादात इतक्या विद्वानांनी भाग घेतला, पण इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. ऑगस्टीननं त्यांच्यासाठी दोन छोटे ग्रंथ लिहिले. सार असं: रागवणंही कृपेचं साधन असू शकतं. वैद्याला रोगी बरा करता येईलच असं नाही, म्हणून तो औषध देणं थांबवत नाही. तेव्हा रागवा आणि प्रार्थनाही करा. कुणाला काय लागू पडेल हे तुमच्या हातात नाही, म्हणून दोन्ही करा.

उत्तर पुरेसं आहे का? तर्काच्या दृष्टीनं फटी राहतात. शंभर वर्षांनी, 529 मध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या ओरांजच्या सभेनं मधली वाट काढली. श्रद्धेची सुरुवातही कृपेनंच होते हे मान्य केलं, पण देव कुणाला पापासाठी नेमून ठेवतो हे मत साफ धुडकावलं, आणि कृपा मिळालेल्यानं झटलं पाहिजे असं सांगितलं.

आपल्याकडचं कुणी विचारील, याचा आमच्याशी काय संबंध? संबंध आहे. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. त्या आधी फुलहम इथे सिस्टर्सचं काम त्यांनी पाहिलं. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेनं वागवत. असं का करता, असं विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. पण 1907 च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षं आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे त्या झटत होत्या, नियम पाळत होत्या, आणि आतून रित्या होत्या. पुढे केडगावला अशाच टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी घर काढलं. त्याचं नाव काय ठेवलं? कृपासदन. आणि तिथे बायकांना काम शिकवलं जात होतं, हेही लक्षात ठेवा. कृपा आणि कष्ट एकाच छपराखाली.

मामांचं काय झालं? दारू सुटली नाही. ते गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. पुढे फार वर्षांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्या वाचल्या. पहिल्याच पायरीवर माणूस कबूल करतो की दारूपुढे माझं काही चालत नाही. आणि ही कबुली दिल्यावरच पुढच्या अकरा पायऱ्यांचं काम सुरू होतं. धाकट्या मामांनी थोरल्याला ही कबुली कधी देऊच दिली नाही, कारण त्यांना तो पळपुटेपणा वाटायचा. आजीनं कबुली दिली, पण पुढच्या पायऱ्या तिलाही माहीत नव्हत्या. घरात दोघेही खरं बोलत होते आणि मामा दोघांच्या मध्ये एकटे होते.

430 साली व्हँडल सैन्यानं हिप्पोला वेढा घातला असताना ऑगस्टीन आजारी पडला. त्याचा चरित्रकार पोसिडियस सांगतो, त्यानं पश्चात्तापाची स्तोत्रं लिहवून घेऊन पलंगासमोरच्या भिंतीवर लावली, आणि पडल्या पडल्या ती वाचून तो रडत असे. सत्तरी ओलांडलेला, पस्तीस वर्षं बिशप असलेला, सगळ्या वादांत जिंकलेला माणूस! त्याच्या सिद्धांतातलं बरंच मला पटत नाही. ती भिंत पटते. कुणी पुन्हा पुन्हा पडत असेल तर त्याला 'मनावर घे' म्हणण्याआधी मला आता ती आठवते.

पुढच्या वेळी ऑगस्टीनच्याच नावाच्या संघातला एक संन्यासी, मार्टिन ल्यूथर, आणि इरॅस्मस यांचा 1524-25 चा वाद पाहू. प्रश्न हाच आहे, फक्त अकराशे वर्षांनी पुन्हा.