बिल्ल्यावरचा क्रमांक आणि घरचें नांव

सैनिकाच्या गळ्यांतील ओळखीचा बिल्ला दिसावयास अगदीं क्षुल्लक असतो. रुपयाएवढी एक चकती, तींत दोरा ओवण्यापुरतें भोंक आणि तिजवर ठोकलेलीं थोडीं अक्षरें, एवढाच त्याचा पसारा. परंतु रणांगणावर पडलेला मनुष्य कोण होता, हें सांगणारा तो कित्येकदां एकटाच साक्षीदार असतो. असा बिल्ला पन्नास-शंभर वर्षांनीं एखाद्या शेतांत नांगराला लागला किंवा जुन्या बाजारांत कोणाच्या हातीं आला, तर तो ज्याचा त्याच्या घरीं पोंचावा असें कोणासहि वाटेल. युरोपांत असे प्रसंग पुष्कळदां घडतात. रत्नागिरीच्या शिपायाच्या बाबतींत मात्र हें काम बिकट आहे, आणि तें बिकट कां झालें याची हकीकत महायुद्धांच्या इतिहासांतच दडलेली आहे.

ब्रिटिश सैन्यांत १९०७ सालीं ॲल्युमिनियमची एकेरी चकती आली. १९१४ सालीं युद्ध पेटल्यावर धातूच्या जागीं तंतुमय पदार्थ दाबून कठीण केलेली तांबडी चकती देण्यांत येऊं लागली. या एकेरी पद्धतींत एक मोठा दोष होता. मृत्यूचा पुरावा म्हणून चकती काढून नेली कीं देह मागें निनांवी उरे. पुढें त्याचे अंत्यसंस्कार करावयास कोणी आलाच, तरी तो देह कोणाचा हें कळण्यास मार्ग नसे. म्हणून १९१६ च्या सप्टेंबर महिन्यांत दोन चकत्यांचा हुकूम निघाला. हिरवी अष्टकोनी चकती देहाबरोबर राहावयाची आणि तांबडी वाटोळी काढून न्यावयाची, अशी ती योजना होती.

कोंकणच्या पुष्कळ शिपायांच्या बाबतींत हें शहाणपण उशीरां सुचलें. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या, म्हणजे पुणें डिव्हिजनमध्यें होत्या आणि मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, लढत होत्या. त्यांत घाटावरील मराठ्यांच्या खांद्याला खांदा लावून कोंकणांतील मराठे उभे होते. १९१५ च्या नोव्हेंबरांत टेसिफोन येथें तुंबळ लढाई झाली. डिव्हिजनला माघार घ्यावी लागली आणि ७ डिसेंबर रोजीं कुत-अल-अमारा येथें तिला वेढा पडला. अन्नाचा तुटवडा आणि रोगराई सोसून २९ एप्रिल १९१६ रोजीं तिनें शरणागति पत्करली. सुमारें १३,००० माणसें तुर्कांच्या हातीं सांपडलीं. बगदाद, मोसुल असा वाळवंटांतील रस्ता तुडवीत त्यांना रस-अल-ऐनपर्यंत नेण्यांत आलें व रेल्वेच्या कामास जुंपण्यांत आलें. वाटेवर जे पडले त्यांतील कित्येकांना ना चिता मिळाली, ना कबर. त्यांची खूण ठेवील असा दुसरा बिल्लाहि अजून निघावयाचा होता.

मेसोपोटेमियांतील ज्या मृतांचें स्थान ठाऊक नाहीं, त्यांच्यासाठीं १९२९ सालीं बसरा येथें एक स्मारक उभारलें गेलें. तेथें ४०,००० हून अधिक माणसांचें स्मरण केलेलें आहे. ब्रिटिश शिपायांचीं आणि हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें तेथें कोरलेलीं आहेत, परंतु साध्या हिंदी शिपायांची नोंद पलटणवार केवळ संख्येनें झाली. नांवाच्या जागीं आंकडा आला. आपल्याकडील खेड्यांतूनहि असाच प्रकार दिसतो. पहिल्या महायुद्धानंतर देशांतील कित्येक गांवीं संगमरवरी पाट्या बसविण्यांत आल्या. या गांवांतून इतके लोक युद्धास गेले व त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर आढळतो.

शंभर वर्षांनीं या अन्यायाची कबुली मिळाली. कॉमनवेल्थ युद्धसमाधि आयोगानें नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. कमींत कमी १,१६,००० मृतांचें, आणि कदाचित् ३,५०,००० पर्यंत मृतांचें, स्मरण नांवानिशीं झालें नाहीं किंवा मुळींच झालें नाहीं, असें त्यांत नमूद आहे. हे मृत बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्व येथील होते. बसऱ्याच्या हिंदी शिपायांचीं नांवें आतां आयोगाच्या सूचींत पाहावयास मिळतात. बिल्ला घरीं पोंचविण्याच्या कामीं या सूचीचें मोल मोठें आहे, कारण बिल्ला क्रमांक सांगतो, तर सूचींतील पुष्कळ नोंदींत बापाचें नांव, गांव आणि जिल्हा मिळतो. क्रमांकापासून घराकडे जाणारा पूल तो हाच.

तथापि पूल ओलांडल्यावरहि वाट सोपी नाहीं. पलटणींचे जुने क्रमांक १९२२ च्या पुनर्रचनेंत बदलले. १०३ वी पलटण पांचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, ११० वी तिसरी झाली व ११७ वी पांचवी झाली. गांवांच्या नांवांचा घोटाळा तर याहून मोठा. ‘खेड’ रत्नागिरींत आहे तसें पुण्यांतहि आहे. वाड्या आणि कोंड यांचीं नांवें तालुक्यातालुक्यांतून तींच तींच येतात. शिवाय दोन्ही महायुद्धांच्या वेळीं मालवण, देवगड, कणकवली हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यांतच होता आणि सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं वेगळा झाला. म्हणून कागदावर ‘रत्नागिरी’ असलें तरी शोध मालवणांत संपावयाचा, हें अगदीं शक्य आहे. त्यांत आडनांव इंग्रजी कारकुनाच्या कानाला जसें लागलें तसें लिहिलेलें. एकच चव्हाण तीन नोंदींत तीन प्रकारें आढळतो.

यांतून मार्ग काढण्यास दोन ठिकाणें उपयोगीं पडतात. एक बेळगांव, जेथें मराठा लाइट इन्फंट्रीचें केंद्र आहे, आणि दुसरें जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. परंतु शेवटची ओळख कागदावर पटत नाहीं, ती वाडीवरच पटते. जिल्ह्यांतील निम्मीं माणसें मुंबईस असावयाचीं, अशी कोंकणची जुनी रीत आहे. शिमग्याला आणि गणपतींत चाकरमानी घरीं येतात, तेव्हां कोणाचा आजा ‘बसऱ्याच्या लढाईंत’ गेला, कोणाच्या आजीला पेन्शन येत असे, हें जाणणारा एखादा वृद्ध भेटतो. बापाचें नांव, वाडी आणि पलटण या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच वस्तु द्यावी. आडनांवाच्या साम्यावर दिलेली वस्तु दुसऱ्याच घरच्या दुःखाची ठेव ठरते.

दुसऱ्या महायुद्धाची कथाहि यापेक्षां फारशी निराळी नाहीं. शेजारच्या माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढा मोठा मान मिळूनहि त्यांच्या देहाची जागा ठाऊक नाहीं, आणि त्यांचें नांव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. मोन्तोने या इटालियन गांवानें २०२३ सालीं त्यांच्या स्मरणार्थ एक छायायंत्र उभारलें. त्याच इटलींत, १९४४ त पडलेल्या १३ व्या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या दोन जवानांचे अवशेष १९९६ सालीं सांपडले, आणि तपासणी व जुन्या नोंदी यांची सांगड बसल्यावर २०१९ सालीं हरियाणांतील त्यांच्या घरच्यांच्या स्वाधीन झाले. त्यांची पलटण फाळणींत पाकिस्तानाकडे गेलेली होती. तरीहि शोध तडीस गेला. मग मराठ्यांची पलटण तर आपल्याच देशांत, बेळगांवीं नांदत आहे.

या कामांत शहरांतील सुशिक्षित घरांचाहि वांटा आहे. तंतूची चकती ओल्या मातींत कुजते, परंतु पदकें टिकतात. पहिल्या युद्धांतील पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव आणि पलटण कोरलेली असते. मृतांच्या घरीं पाठविलेल्या मोठ्या कांस्य चकतीवर मात्र हुद्दा व क्रमांक नसून केवळ नांव असतें, कारण मरणांत सर्व समान, ही त्यामागील भावना होती. अशा चकत्या पितळ म्हणून मोडींत गेल्या. श्रोत्यांपैकीं कोणाच्या घरीं जुन्या पेटींत असें कांहीं असेल, तर तें चिंचेनें घांसूं नये. घांसतांना कडेवरचीं अक्षरें जातात आणि अक्षरांबरोबर माणूसहि जातो. कडेवरील मजकूर जसाच्या तसा उतरून घ्यावा आणि घरांतील वडील मंडळींना जें आठवतें तें त्याच्याच खालीं लिहून ठेवावें.

बसऱ्याच्या दगडावर जो शिपाई एक आंकडा म्हणून उरला, त्यालाहि आईनें ठेवलेलें एक नांव होतें. तें नांव त्याच्या वाडीवर पुन्हां एकदां उच्चारलें गेलें, तर हातीं आलेली चकती केवढी कां लहान असेना, शिपाई घरीं आला असें म्हणतां येईल.