गिला कडानिवास

गिला कडानिवास : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू मेक्सिको राज्याच्या नैर्ऋत्य भागातील एक प्राचीन वसतिस्थान व राष्ट्रीय स्मारक. ते गिला नदीच्या उगमप्रदेशात, सिल्व्हर सिटीच्या उत्तरेस सु. ७० किमी. वर आहे. सभोवतालचा डोंगराळ वनप्रदेश आल्डो लीओपोल्ड या वनाधिकाऱ्याच्या पुढाकाराने १९२४ मध्ये निर्जन वनक्षेत्र म्हणून राखून ठेवण्यात आला. असे संरक्षण लाभलेले ते जगातील पहिले क्षेत्र मानले जाते.

दरीच्या तळापासून सु. ५५ मी. उंचीवर कड्यात नैसर्गिक गुहांची रांग आहे. त्यांपैकी पाच गुहांत मोगोलन संस्कृतीच्या लोकांनी दगडमातीच्या भिंती उभारून सु. ४० खोल्या बांधल्या. भारतातील लेण्यांप्रमाणे त्या खडकात कोरलेल्या नाहीत. लाकडी तुळयांतील वृक्षवलयांवरून बांधकामाचा काळ सु. १२७६ ते १२८७ असा ठरविण्यात आला आहे. येथे दहा ते पंधरा कुटुंबे राहत असावीत. ती मका, घेवडा व भोपळा पिकवीत, शिकार करीत आणि काळ्या-पांढऱ्या नक्षीची मृत्पात्रे वापरीत. चुलींच्या धुराने काळवंडलेली गुहांची छते आजही दिसतात. जेमतेम एका पिढीच्या वास्तव्यानंतर, सु. १३०० पर्यंत, ही वस्ती रिकामी झाली. पुढे हा प्रदेश अपाची लोकांचा झाला. त्यांचा नेता जेरोनिमो याचा जन्म गिलाच्या उगमाजवळ झाला, अशी परंपरा आहे.

१८७८ मध्ये हेन्री एलमन व त्याच्या सोबत्यांनी, तर १८८४ मध्ये पुरातत्त्वज्ञ ॲडॉल्फ बँडेलिअर याने या स्थळास भेट दिली. बँडेलिअरच्या वर्णनामुळे ते अभ्यासकांना परिचित झाले. तथापि त्या काळात आलेल्या खाणशोधकांनी व हौशी प्रवाशांनी तेथील बऱ्याच वस्तू उचलून नेल्या. वस्तू मूळ जागेवरून हलविल्यामुळे कोणत्या खोलीचा उपयोग कशासाठी होता, हे ठरविण्याचे साधनच बव्हंशी नष्ट झाले. अशा लुटीस आळा घालण्यासाठी १९०६ मध्ये पुरावस्तू अधिनियम झाला व त्यान्वये राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी १६ नोव्हेंबर १९०७ रोजी हे राष्ट्रीय स्मारक घोषित केले.

सिल्व्हर सिटीहून येथे पोहोचण्यास वळणावळणाच्या घाटरस्त्याने सु. दोन तास लागतात. पुढे ओढ्याकाठाने जाऊन कड्यावर चढणारी सु. १.६ किमी. लांबीची पायवाट आहे. भिंतींना स्पर्श करण्यास व कोणतीही वस्तू हलविण्यास मनाई आहे. वणव्यांचा धोकाही मोठा असून २०११ मधील वणवा स्मारकाच्या परिसरापर्यंत पोहोचला होता. झूनी, ॲकोमा इ. प्वेब्लो जमाती या स्थळाशी आपले पूर्वजांचे नाते सांगतात. त्यांच्या दृष्टीने ते केवळ अवशेष नव्हेत.

१९६२ मध्ये स्मारकात समाविष्ट झालेल्या जवळच्या टीजे टेकाडावर सु. २०० खोल्यांची वस्ती मातीखाली आहे. ती बव्हंशी अनुत्खनित राखल्यामुळे कड्यातील घरांत जो पुरावा हरवला, तशा प्रकारचा पुरावा तेथे पुढील अभ्यासासाठी शिल्लक आहे.