बाळंतिणीची सोबत

बडोद्याच्या रावपुऱ्यातील घड्याळाच्या मनोऱ्याला चिमणाबाईंचे नाव आहे. तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई १८८० साली सयाजीराव महाराजांशी विवाहबद्ध होऊन बडोद्यास आल्या आणि चिमणाबाई झाल्या. पुढील तीन-साडेतीन वर्षांत त्यांची तीन बाळंतपणे झाली. तिसऱ्या खेपेस, १८८३ साली, युवराज फत्तेसिंहराव जन्मले. आणि १८८५ च्या मे महिन्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा अंत झाला. माहेर हजार मैलांवर, सासर राजवाड्याचे, आणि पदरी एकामागून एक लेकरे, अशा स्थितीत त्या तरुण राणीच्या मनाची अवस्था काय असेल, हे विचारण्याची तेव्हा रीतच नव्हती. याच्या उलट, महाराजांना पुढे निद्रानाशाने ग्रासले तेव्हा डॉक्टरांचा सल्ला घेण्यात आला आणि १८८७ साली प्रकृतीसाठी त्यांनी युरोपचा प्रवास केला. राजाच्या मनाचा शीण वैद्यकाच्या कक्षेत येत होता. बाळंतिणीचा येत नव्हता.

परंतु वैद्यकाच्या कक्षेत येत नव्हता म्हणून त्याची दखलच कोणी घेत नव्हते, असे मात्र नाही. गरोदर स्त्रीच्या व बाळंतिणीच्या मनाला आधार देणारी माणसे आपल्याकडे फार प्राचीन काळापासून आहेत. त्यांच्या कामाला स्वतंत्र नाव नव्हते, एवढेच.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे सविस्तर वर्णन आहे. खोली कोठे बांधावी, लाकूड कोणते वापरावे, तूप, मीठ, अग्नी, पाणी काय काय जवळ ठेवावे, हे सांगून झाल्यावर ग्रंथकार तेथे उपस्थित राहावयाच्या स्त्रियांकडे वळतो. त्या पुष्कळ वेळा प्रसूत झालेल्या असाव्यात, मायाळू असाव्यात, प्रसंगावधानी असाव्यात, क्लेश सोसणाऱ्या असाव्यात, आणि स्वतः विषाद टाकून दिलेल्या असाव्यात, अशी त्याची अपेक्षा आहे. कळा सुरू झाल्यावर त्यांनी स्त्रीभोवती बसून तिला धीर द्यावयाचा असतो. शेवटची अट विशेष मननीय आहे. जिचे स्वतःचे मन खिन्न आहे तिने दुसरीच्या उशाशी बसू नये, हे आजच्या कोणत्याही समुपदेशन-वर्गात शिकविण्याजोगे तत्त्व आहे. त्याच संहितेत गर्भ टिकवून धरणाऱ्या गोष्टींत मनाच्या प्रसन्नतेला अग्रस्थान दिले आहे. आपला ‘डोहाळे’ हा शब्दही ज्या संस्कृत कुळातला आहे, त्यात आयुर्वेदाने दोन हृदयांची कल्पना पाहिली: गर्भवतीच्या ठिकाणी दोन हृदये नांदतात, म्हणून तिची इच्छा डावलू नये.

ग्रंथांतील हे ज्ञान घरोघरी पोहोचले ते आचाराच्या रूपाने. बडोद्यात मराठी वाड्यांत सुईण होती, गुजराती पोळांत सुयाणी. इकडे डोहाळजेवण आणि ओटीभरण, तिकडे सीमंत आणि खोळो. पहिलटकरणीने माहेरी जावे, सव्वा महिना तिच्या हाती कामाचे भांडे देऊ नये, शेकशेगडी करावी, डिंकाचे व अळिवाचे लाडू खाऊ घालावेत, हा क्रम दोन्हीकडे थोड्याफार फरकाने सारखाच. मराठी घरांत पाचवीच्या रात्री सटवाईची पूजा होते, गुजराती घरांत सहाव्या रात्री विधाता येऊन बाळाचे ललाट लिहिते. दोन्हीकडे दिवा विझू द्यावयाचा नाही आणि बायकांनी जागावयाचे. देवीच्या भयाने असो वा भक्तीने असो, बाळंतीण त्या रात्री एकटी राहत नसे. प्रसूतीनंतर ज्या तीव्र मनोविकारात स्त्रीचे भान हरपते, तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच उद्भवतो, असे आधुनिक मनोवैद्यक सांगते. पाचवीचे जागरण नेमके याच दिवसांत यावे, हा योगायोग की अनेक पिढ्यांचा अनुभव, हे ठरविणे कठीण आहे.

अर्थात या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तीच सुईण अस्वच्छ पात्याने नाळ कापी आणि धनुर्वाताला वाट करून देई. बाळंतखोली बहुधा घरातील सर्वांत अंधारी खोली असे. तिसरी मुलगी झाली की लाडू करणारे हात आखडत. बाळंतीण बडबडू लागली, बाळाकडे पाहीनाशी झाली, तर ‘बाहेरचे लागले’ म्हणून मिरच्यांची धुरी देण्यापर्यंत मजल जाई. आणि ही सारी माया जिला माहेर आहे, जिचा नवरा जिवंत आहे, अशीच्याच वाट्याला येई.

जिला यांपैकी काहीच नव्हते तिची कथा पुण्यात घडली. १८६३ साली गोवंड्यांच्या घरी स्वयंपाक करणारी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा एका शास्त्र्यापासून गरोदर राहिली. तिने लोकलज्जेपायी नवजात अर्भकाचा जीव घेतला. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्री मोकळा राहिला. या घटनेने व्यथित होऊन जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, कोणी नाव विचारणार नाही, अशी ती सोय होती. १८८४ साली जोतीरावांनी लिहिले त्याप्रमाणे तोपर्यंत पस्तीस विधवा तेथे येऊन गेल्या होत्या. या स्त्रियांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी केली. त्यांपैकीच एकीचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात आईच्या जोडीने रुग्णसेवेत उतरला. या गृहाचा उल्लेख सामाजिक सुधारणेच्या इतिहासात नेहमी येतो. गर्भवतीच्या मनाला आत्मनाशापासून व अपत्यनाशापासून वाचविणारी संस्था म्हणूनही त्याची गणना व्हावयास हवी. बडोद्याचाही या कार्याशी दूरचा संबंध आहे. जोतीराव आजारी असता मामा परमानंदांनी १८९० साली सयाजीराव महाराजांना साहाय्याची विनंती करणारे पत्र लिहिले, आणि त्यात सावित्रीबाईंच्या कामाचा आवर्जून गौरव केला.

तोवर बडोद्यात नवे युग सुरू झाले होते. लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने १८८५ साली हिंदी स्त्रियांना वैद्यकीय मदत पोहोचविण्यासाठी निधी उभा राहिला. १८८६ साली लॉर्ड डफरिन बडोद्यास आले असता मोठ्या सरकारी रुग्णालयाची कोनशिला बसली आणि त्याला काउंटेस ऑफ डफरिन यांचे नाव देण्यात आले. तेच पुढे सयाजी रुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आले. १९०४ साली बालविवाह प्रतिबंधाचा कायदा करून महाराजांनी मुलीच्या लग्नाचे वय निदान बारा तरी असावे असे ठरविले. आज हा आकडा अंगावर शहारा आणतो. त्या वेळी त्यासाठीही रोष पत्करावा लागला. रुग्णालयाने बाळंतिणीचा जीव वाचविला, यात शंका नाही. मात्र प्रसूती घरातून रुग्णालयात गेली तेव्हा सुईणीबरोबर सोबतीणही दाराबाहेर राहिली. स्वच्छतेच्या कडक नियमांत आई, मावशी, शेजारीण या साऱ्यांची गणना गर्दीत झाली. जे काम कोणाचेच म्हणून नोंदलेले नव्हते, ते कोणी काढून घेतल्याचीही नोंद झाली नाही.

युरोपात याच सुमारास बाळंतिणीच्या मनोविकारांचा शास्त्रीय अभ्यास चालू होता. फ्रेंच वैद्य लुई-व्हिक्टर मार्से याने १८५८ साली गर्भवती, प्रसूत व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या वेडावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात ३१० स्त्रियांचा वृत्तांत दिला. परंतु हे अध्ययन वेड्यांच्या इस्पितळापर्यंत पोहोचलेल्या स्त्रियांचे होते. घरात राहून, स्वयंपाक करून, मुलाला पाजून रात्री मुसमुसणारी स्त्री त्यात नव्हती. तिच्याकडे लक्ष जावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

तेवढ्यात बालकाकडे मात्र बडोद्याचे लक्ष चांगलेच गेले होते. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसाबेन मेहता तेथे कुलगुरू होत्या आणि १९५० साली त्यांच्याच काळात गृहविज्ञान शाखा उघडली. या शाखेतील प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या अर्भकांचे बारकाईने निरीक्षण करून १९७० साली एक ते तीस महिन्यांच्या मुलांच्या वाढीची प्रमाणे सिद्ध केली. मूल मान केव्हा धरते, बसते केव्हा, लपविलेली वस्तू केव्हा शोधते, अशा गतिविकासाच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी त्यांत होत्या. हिंदी मुलांचे माप विलायती मुलांच्या फुटपट्टीने घेऊ नये, हा त्यामागील विचार मोलाचा होता आणि त्यातून घडलेल्या कसोट्या देशभर वापरल्या गेल्या. बाळासाठी २३० बाबी झाल्या; त्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईच्या मनासाठी तशी एकही फुटपट्टी देशात नव्हती. हा फाटकबाईंचा दोष नव्हे. त्यांचा विषय बालक हा होता. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशात ज्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यांत तेव्हाच्या बडोदे जिल्ह्यातील छोटा उदेपूर होते. अंगणवाडीत गर्भवतीला पूरक आहार मिळू लागला, तरी तिला झोप लागते की नाही हा प्रश्न योजनेच्या बाहेरच राहिला.

तो प्रश्न विचारणारी फुटपट्टी १९८७ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे तयार झाली. जॉन कॉक्स या मनोवैद्याने पूर्वी युगांडात गर्भवती स्त्रियांच्या मनःस्थितीचा अभ्यास केला होता. जेनी होल्डन व रूथ सगॉव्हस्की यांच्यासमवेत त्याने अवघ्या दहा प्रश्नांची पत्रिका बनविली. गेल्या सात दिवसांत हसू आले का, विनाकारण धास्ती वाटली का, रडू आले का, स्वतःला इजा करावीशी वाटली का, असे तिचे साधे स्वरूप आहे. त्याहून महत्त्वाचा त्यांचा पुढचा प्रयोग. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात घरोघर जाणाऱ्या आरोग्य-परिचारिकांना थोडे शिक्षण देऊन, आठ आठवडे दर आठवड्यास निदान अर्धा तास उदास मातेचे म्हणणे ऐकून घेण्यास सांगण्यात आले. उपदेश करावयाचा नाही, ऐकावयाचे. २६ पैकी १८ माता बऱ्या झाल्या. नेहमीचीच देखभाल मिळालेल्या २४ पैकी केवळ ९. त्यानंतर थोड्याच काळात जोहान्सबर्गच्या एका रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण नसलेल्या साध्या बायका प्रसूतीच्या वेळी सोबतीस बसविण्यात आल्या, आणि सोबत लाभलेल्या स्त्रिया सहा आठवड्यांनंतर इतरांपेक्षा कमी उदास आढळल्या. चरकाच्या सूतिकागारातील बायका अशा रीतीने आकड्यांच्या आधारावर परत आल्या.

मराठी भाषेच्या शेजारात हे काम पुढे गेले ते गोव्यात. तेथे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता उदासीनतेने ग्रस्त दिसल्या. त्यांतील बहुतेकींचे दुखणे गरोदरपणातच सुरू झाले होते. दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची निराशा ही त्यामागची कारणे, म्हणजे औषधाच्या बाटलीत न मावणारी. २००८ साली रावळपिंडीच्या खेड्यांतून आलेला वृत्तांत याहून आशादायक होता. गावच्या आरोग्यसेविकांनी घरी जाऊन मातांशी ठरावीक पद्धतीने बोलणी केली, आणि सहा महिन्यांनी त्या गटात तीव्र उदासीनता २३ टक्के मातांत उरली, तर दुसऱ्या गटात ५३ टक्के. गोव्यात हीच पद्धत आणखी खालच्या पायरीवर नेण्यात आली. परिचारिका नव्हे, सेविका नव्हे, शेजारची अनुभवी आईच हे काम करू लागली. तिला नाव मिळाले ‘सखी’. २८० स्त्रियांवरील या प्रयोगाचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. सखी लाभलेल्यांत सहा महिन्यांनी ७३ टक्के बऱ्या झाल्या होत्या, इतरांत ६० टक्के. अंतर डोळे दिपविणारे नाही. ज्या घरात मारहाण चालू आहे तेथे सखीच्या बोलण्याने ती थांबत नाही, हे उघडच आहे. पण ‘सखी’ या नावाबरोबर त्या जुन्या निनावी कामाला पद्धत मिळाली, शिक्षण मिळाले आणि हिशेबही मिळाला.

कायद्यानेही उशिरा का होईना पाऊल टाकले. मनोरुग्णालयात दाखल होणारी आई एकीकडे आणि तिचे अंगावरचे मूल दुसरीकडे, ही दीर्घकाळची रीत होती. बंगळूरच्या राष्ट्रीय मनोआरोग्य संस्थेत २००९ साली माता व बालक यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर असे ठरविले की, उपचार घेणाऱ्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून वेगळे करू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेल्या बडोद्याच्या कारेलीबागेतील मनोरुग्णालयालाही हा नियम लागू आहे.

आणि २०१६ साली केंद्र सरकारने सार्वजनिक रुग्णालयांतील प्रसूतिगृहांचे दार सोबतिणीस पुन्हा उघडले. तिच्यासाठी घातलेल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. तिने स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेला असावा, तिला संसर्गजन्य रोग नसावा, कपडे स्वच्छ असावेत, सर्व वेळ थांबण्याची तयारी असावी, डॉक्टरांच्या कामात तिने ढवळाढवळ करू नये. नवऱ्याचाही विचार तेथे झाला आहे. जेथे प्रत्येक खाटेला आडोसा आहे, तेथे त्याला पत्नीजवळ बसू द्यावे. जेथे पडदा नाही, तेथे तो अजून बाहेरच्या बाकावर असतो.