घोटीचा पेंढा दुष्काळी गावाला नेताना: किती घ्यायचा, कसा मोजायचा, कसा घालायचा

नाशिक जिल्हा एकच, पण चाऱ्याच्या बाबतीत त्याचे दोन भाग पडतात. इगतपुरी-घोटी पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे भात निघतं आणि खळ्याखळ्यावर पेंढ्याच्या गंज्या उभ्या राहतात. तिकडे सिन्नरचा पूर्व भाग, येवला, नांदगाव, मालेगाव इथं पावसानं दगा दिला की बाजरीचा सरमाड आणि मक्याचा कडबा उन्हाळ्याआधीच संपतो. 31 ऑक्टोबर 2023 ला सरकारनं राज्यात 40 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आपल्या जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. घोटी मुंबई-आग्रा महामार्गावर आहे, इथून सिन्नरला सरळ रस्ता जातो. म्हणून टंचाईत पेंढा शोधणारा शेतकरी आधी इकडं वळतो.

गाडी ठरवण्याआधी कागद-पेन घ्यावं. चारा छावण्यांत मोठ्या जनावराला दिवसाला 6 किलो वाळला किंवा 15 किलो हिरवा चारा असा हिशेब धरला जायचा. तो जनावर जगवण्याचा आहे, दूध काढण्याचा नाही. दोन बैल आणि दोन गाई असतील तर दिवसाला 24 किलो पेंढा लागेल. फेब्रुवारीपासून मध्य जूनपर्यंत 135 दिवस धरले तर 32 क्विंटल 40 किलो होतात. पायाखाली तुडवून, सांडून दहा टक्के तरी जातोच, म्हणजे 35-36 क्विंटल पाहिजे. कुट्टी करून घातला तर नासाडी बरीच कमी होते.

खरेदीची वेळ म्हणजे झोडणी-मळणी झाल्यावर लगेच, नोव्हेंबर-डिसेंबरात. तेव्हा शेतकऱ्याला खळं मोकळं करायचं असतं. मार्च-एप्रिलमध्ये तोच पेंढा दोन हात फिरून मिळतो आणि प्रत्येक हाताला काहीतरी सुटावं लागतं. पण नोव्हेंबरात दुष्काळी गावातल्या माणसाच्या हातात पैसा नसतो, खरी अडचण तिथंच आहे. पाच-दहा जणांनी मिळून एक गाडी घेतली, किंवा गावच्या दूध संस्थेनं आधी पैसे भरून ते पगारातून कापून घेतले, तर मार्ग निघतो.

सगळ्यात जास्त फसगत मोजण्यात होते. पेंढा पेंढीवर, गठ्ठ्यावर किंवा ‘एक गाडी’ म्हणून विकला जातो. पेंढी कुणाची मुठीएवढी, कुणाची कवेत न मावणारी. म्हणून सौदा क्विंटलवर करावा. रिकामी गाडी काट्यावर घ्यावी, भरलेली घ्यावी, दोन्ही पावत्या जवळ ठेवाव्यात. काट्याचे थोडे पैसे जातात, पण नंतरची भांडणं वाचतात.

पेंढ्याची गाडी वजनानं नाही, जागेनं भरते, आणि भाडं तर पूर्ण गाडीचं द्यावं लागतं. समजा भाडं 6,000 रुपये ठरलं. गाडीत सुटा पेंढा 12 क्विंटल बसला तर क्विंटलला 500 रुपये भाडं पडलं. त्याच गाडीत यंत्रानं दाबलेले गठ्ठे 20 क्विंटल बसले तर 300. म्हणून गठ्ठा खळ्यावर महाग वाटला तरी दावणीपर्यंत स्वस्त पडू शकतो. भरायची-उतरवायची हमाली वेगळी, ती आधीच बोलून घ्यावी. समृद्धी महामार्ग घोटीच्या जवळून जातो, पण त्यावर ट्रॅक्टर चालत नाही. ट्रॉली घेऊन येणाऱ्यानं जुन्याच रस्त्यानं यावं.

माल बघताना वरचा गठ्ठा बघू नये, मधला फोडून हात घालावा. आत गरम लागला, कुबट वास आला किंवा काळे-पांढरे डाग दिसले तर तो माल सोडावा. परतीच्या पावसात भिजलेला पेंढा वरून वाळतो, आत बुरशी धरतो. असा पेंढा खाऊन, विशेषतः म्हशींना, शेपटीचा शेंडा, कानाची टोकं आणि खुरांच्या वरची कातडी सडण्याचा रोग होतो. त्याला डेगनाला म्हणतात. स्वस्तात मिळाला म्हणून बुरशीचा माल आणणं परवडत नाही.

भाताच्या पेंढ्यानं पोट भरतं, अंगाला फार काही लागत नाही. त्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के, आणि त्यातल्या ऑक्झलेटमुळं अंगातलं कॅल्शियम बांधलं जातं. म्हणून रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि जमेल तेवढी पेंड किंवा थोडा हिरवा चारा सोबत हवाच. मुरघास चांगला, पण त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. लांबून आणताना आपण पाण्याचंही भाडं भरतो, हे दर तोलताना धरावं.

पेंढ्याचा कस युरिया प्रक्रियेनं वाढतो. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, साधारण 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थरावर थर देत शिंपडायचं, तुडवून दाबायचं आणि प्लास्टिकनं हवाबंद करून 21 दिवस ठेवायचं. घालण्याआधी तासभर उघडा पसरवून वास उडू द्यावा आणि थोड्यापासून सुरुवात करावी. सहा महिन्यांखालच्या वासराला हा चारा घालू नये. उपाशी जनावरासमोर एकदम टाकू नये. युरियाचं पाणी उघडं राहिलं आणि जनावर प्यालं तर ते मरतं, तेव्हा पहिल्यांदा करताना पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारूनच करावं.

विकणाऱ्यांनीही थोडं थांबून बघावं. 2018 च्या दुष्काळी यादीत खुद्द इगतपुरी तालुकाही होता. पावसाचा तालुका म्हणून सगळी गंजी विकून टाकली आणि मे महिन्यात आपल्याच डांगी बैलांसाठी पेंढा विकत आणला, असं व्हायला नको. आपल्या जनावरांचा वरच्यासारखा हिशेब करून जादाचाच माल विकावा.

टंचाई वाढली की जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घालू शकतात. घोटीहून येवल्याला जाणं हे जिल्ह्यातलंच आहे, पण पलीकडं नगर जिल्ह्यात न्यायचा असेल तर आधी तहसील कार्यालयात चौकशी करावी. गाडीसोबत खरेदीची चिठ्ठी, काट्याच्या पावत्या आणि घेणाऱ्याचा सातबारा ठेवला तर रस्त्यात अडवलं तरी बोलता येतं.

गाडी उंच भरली तर गावातल्या लोंबत्या वीजतारेला लागून पेंढा पेटतो. उतरवल्यावरही गंजी तारेखाली किंवा चुलीजवळ रचू नये. खाली दगड-लाकडं टाकून जमिनीपासून उचलून रचावी, आणि जमलं तर एकाच्या दोन गंज्या अंतरावर कराव्यात. एक पेटली तर दुसरी वाचते.