निळं रॉकेल, पिवळी पावडर आणि आपला ओढा

गाडी धुवायला कुठला शाम्पू चांगला, हा प्रश्न माळशिरसात मला बरेच जण विचारतात. ते पाणी जातं कुठं, हे कोणी विचारत नाही. म्हणून जरा मागं जातो.

नीरा उजव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, कारखाने उभे राहिले आणि उसाच्या बिलावर दारात राजदूत, येझदी, बुलेट उभ्या राहिल्या. गाडी धुवायची ती कालव्याकडेला नाहीतर ओढ्यात, जिथं बेंदराला बैल धुवायचे तिथंच. पण बैलाच्या अंगावरची माती पाण्यानं निघते, चेनवरचं ग्रीस निघत नाही. मग रेशनचं निळं रॉकेल किंवा डिझेल आलं. सगळं वाहून पाण्यातच.

1959 ला हिंदुस्तान लिव्हरचं सर्फ आलं, ते शहरी कपड्यांसाठी. आपल्याकडं खरा फरक पाडला निर्मानं. 1969 मध्ये करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत ती सुरू केली आणि पुढं स्वस्त पिवळी पावडर घरोघरी गेली. 1985 ला हिरो होंडाची सीडी 100 आली, गाड्या वाढल्या, आणि कपड्यांची पावडर गाडीच्या बादलीतही पडली. स्वस्त पावडरीत धुण्याचा सोडा भरपूर असतो. मळ निघतो, खरं आहे. पण रंगावरचं मेण जातं, अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन काळपट पडतं, आणि उघड्या हातानं धुणाऱ्या पोराची कातडी फाटते. त्या पोराकडं कोण बघतं म्हणा.

जर्मनीत 1950 च्या दशकात नद्यांवर फेसाचे डोंगर दिसायला लागले. त्या वेळच्या डिटर्जंटचे रेणू फांद्यांचे होते, जिवाणूंना ते पचत नव्हते. तिथं 1961 ला कायदा झाला: डिटर्जंटमधला साफ करणारा घटक निदान 80 टक्के तरी कुजला पाहिजे. कंपन्यांनी मुकाट्यानं रेणू बदलला. आपल्याकडं महाराष्ट्रानं 1969 ला जलप्रदूषणाचा कायदा केला, 1970 ला मंडळ स्थापन झालं. कारखान्यांच्या मळीवर बोललं जातं, बोललंच पाहिजे. वॉशिंग सेंटरच्या गटारीचं नाव मात्र निघत नाही.

आपल्या भागातले बहुतेक ओढे नीरेला मिळतात. नीरा नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते, आणि तीच भीमा पुढं पंढरपुरात चंद्रभागा होते. आषाढात माळशिरसावरनं माऊलींची पालखी जाते, तेव्हा आपण वारकऱ्यांना पाणी पाजतो. त्यांच्या स्नानाच्या पाण्यात आपलं डिझेलही पोचतं.

आता शाम्पूचं. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, असं नसतं. फेसाचा घटक वेगळा घालता येतो. डब्यावर पीएच 7 च्या आसपास लिहिलेलं, फॉस्फेट नसलेलं, कुजणारं बघून घ्या. बिनलेबलच्या कॅनमधलं चाकं चमकवणारं अ‍ॅसिड नकोच. त्यात हायड्रोफ्लोरिक असलं तर ते कातडीतनं हाडापर्यंत जातं. चेनचं ग्रीस फडक्याला थोडं रॉकेल लावून पुसा आणि फडकं ओढ्यात टाकू नका. डिझेलचा फवारा तर अजिबात नको, ब्रेकवर बसला की गाडी थांबत नाही.

नगरपंचायतीकडं माझी मागणी एकच आहे: वॉशिंग सेंटरला परवाना देताना आधी तेल अडवणारा हौद बघा. तेल पाण्यावर तरंगतं, खालनं पाणी सोडलं की तेल वरच राहतं. एवढंच बांधकाम आहे.