दिनविशेष – १५ एप्रिल : हार्ड रॉक पार्क खुले झाले
२००८ साली आजच्या दिवशी अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यातल्या मर्टल बीच येथे, रॉक संगीत हीच मध्यवर्ती कल्पना धरून सुमारे ४० कोटी डॉलर खर्चाने उभारलेले ‘हार्ड रॉक पार्क’ हे मनोरंजन उद्यान प्रेक्षकांसाठी खुले झाले. लेड झेपलिन या ब्रिटिश संगीतसमूहाच्या गाण्याबरोबर धावणारा रोलर कोस्टर, म्हणजे उंच वळणदार रुळांवरून वेगाने उलटीसुलटी जाणारी गाडी, ही कल्पना खरोखर अभिनव होती; परंतु कर्जाचा बोजा आणि त्याच वर्षीची मंदी यांपुढे ती टिकली नाही व सप्टेंबरातच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. याउलट, मुंबईत माहीमला सूफी संत मखदूम शाह बाबांच्या उरुसात, म्हणजे पुण्यतिथीच्या उत्सवात, गर्दी श्रद्धेने आधी जमते आणि पाळणे तिच्यामागून येतात. हार्ड रॉक पार्कमध्ये मात्र पाळणे आधी उभे राहिले, हा भेद महत्त्वाचा वाटतो. २००९ मध्ये अडीच कोटी डॉलरांना विकलेले हे उद्यान ‘फ्रीस्टाइल म्युझिक पार्क’ या नावाने पुन्हा उघडले, त्याच वर्षी कायमचे बंद पडले आणि तो रोलर कोस्टर पुढे व्हिएतनाममधील हा लाँगच्या उद्यानात बसवण्यात आला.